अपूर्णांक केव्हा सोडावा

१ एप्रिल १९५७ या दिवशी भारतातील लहानथोर सर्व माणसे, त्यांची इच्छा असो वा नसो, गणिताच्या एकाच वर्गात येऊन बसली. त्या दिवसापर्यंत रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै असा शिरस्ता होता. त्या दिवसापासून त्याच रुपयाचे १०० नवे पैसे झाले. शंभराला सोळांनी भागले असता सव्वासहा येतात, आणि सव्वासहा नव्या पैशांचे नाणे कोणत्याही टांकसाळीत पडत नव्हते. ही अडचण आगाऊच ओळखून १९५५ साली नाणेविषयक कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीत असा दंडक घालून दिलेला होता की जुन्या नाण्याची किंमत नव्या पैशांत करताना अपूर्णांक उरल्यास सर्वांत जवळचा पूर्ण पैसा धरावा, आणि वरचा व खालचा पैसा सारख्याच अंतरावर असल्यास खालचा धरावा. या दंडकाप्रमाणे एका आण्याचे ६ नवे पैसे झाले. दोन आण्यांचे साडेबारा व्हायचे ते १२ झाले. तीन आण्यांचे पावणेएकोणीस व्हायचे ते १९ झाले. आणि चार आण्यांचे मात्र नेमके २५ झाले, कारण तेथे अपूर्णांकाचा संबंधच उरत नव्हता.

आता एखाद्या गृहस्थाने एका आण्याची एक अशा सोळा वस्तू एकाच दुकानातून एकाच वेळी घेतल्या, असे समजू. दुकानदाराने प्रत्येक वस्तूचे ६ नवे पैसे लावून बेरीज केली तर ती ९६ भरते. सोळा आण्यांचा आधी एक रुपया केला आणि मग त्याचे नवे पैसे केले तर ते १०० भरतात. वस्तू त्याच, भाव तोच, दंडक तोच. तरीही ४ नव्या पैशांचा फरक पडला, आणि तो पडण्याचे कारण एवढेच की एका हिशेबात अपूर्णांक सोळा वेळा सोडला गेला व दुसऱ्यात तो एकदाही सोडावा लागला नाही. वस्तू तीन आण्यांच्या असत्या तर नुकसान उलट बाजूने झाले असते, कारण सोळा वस्तूंचे खरे ३०० नवे पैसे होतात आणि एकोणिसाच्या हिशेबाने ३०४ होतात. जुन्या एका पैशाची गोष्ट तर याहून उद्बोधक आहे. त्याची नेमकी किंमत १.५६२५ नवे पैसे, म्हणून दंडकाप्रमाणे त्याचे २ नवे पैसे धरावयाचे; आणि ज्या मुलाने एकेका पैशाच्या चिंचा चौसष्ट वेळा घेतल्या त्याला एका रुपयाच्या मालासाठी १२८ नवे पैसे मोजावे लागले.

या उदाहरणात जे तत्त्व दडलेले आहे ते शाळेतील बहुतेक सर्व गणितांना लागू पडते, म्हणून ते जरा सावकाश पाहिले पाहिजे. ज्या मुलाने चौसष्ट निरनिराळ्या दिवशी चिंचा घेतल्या, त्याच्या बाबतीत प्रत्येक वेळी २ नवे पैसे धरणे अन्यायाचे वाटले तरी गणितदृष्ट्या चुकीचे नव्हते, कारण प्रत्येक वेळी खरोखरीच नाणे या हातातून त्या हातात गेले होते आणि जे नाणे अस्तित्वातच नाही ते कोणी देऊ शकत नाही. ज्या गृहस्थाने सोळा वस्तूंचा एकच हिशेब केला, त्याच्या बाबतीत मात्र सहाचा आकडा कोणाच्याही हाती पडला नव्हता. तो कागदावरचा मधला मुक्काम होता. बेरीज, गुणाकार किंवा भागाकार चालू असताना मध्ये जी संख्या येते ती आपल्याकडे पुढच्या पायरीसाठी अमानत म्हणून ठेवलेली असते, आणि अमानतीतून काही काढून घेण्याचा अधिकार ती सांभाळणाऱ्याला नसतो. ती संख्या हिशेबाच्या शेवटी धन्याच्या स्वाधीन झाली म्हणजे तिच्यातला किती भाग उपयोगाचा आणि किती निरुपयोगी हे त्याने ठरवावे.

आपल्या शालेय पुस्तकांत आसन्न किंमत काढण्याची रीत उत्तम समजावून दिलेली असते: सोडावयाचा पहिला अंक ५ किंवा त्याहून मोठा असेल तर मागचा अंक एकाने वाढवावा, लहान असेल तर तसाच ठेवावा. परंतु ही क्रिया कोणत्या पायरीवर करावी याविषयी तितके आग्रहाने सांगितले जात नाही, असे माझे मत आहे. आणि मुलांच्या उत्तरांत जो किरकोळ वाटणारा फरक पडतो, ज्याच्यावरून दोन शेजारी विद्यार्थी आपापली वही पुढे करून वाद घालतात, तो बहुधा रीत न समजल्यामुळे नव्हे तर वेळ न समजल्यामुळे पडतो.

जुन्या पिढीच्या मुलांना या बाबतीत एक संरक्षण आपोआप लाभलेले होते. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचेच पाढे पाठ करून घेतले जात. औट म्हणजे साडेतीन, आणि साडेतिनाचा पाढा म्हणणाऱ्या मुलाला अपूर्णांक ही लवकरात लवकर टाळण्याची ब्याद आहे असे कधी वाटले नसावे. पाऊण, सव्वा, अडीच या त्याच्या दृष्टीने दोन-तीनसारख्याच सभ्य संख्या होत्या आणि हिशेबाच्या अखेरपर्यंत तो त्यांना सोबत घेऊन चाले. दशांश पद्धतीने हिशेब सोपा झाला यात शंका नाही, पण तिच्याबरोबर एक मोहही आला. एक-तृतीयांश ही संख्या व्यवहारी अपूर्णांकात लिहिली तर पूर्ण आणि निर्दोष असते. दशांशात लिहावयास घेतली की तिचे शेपूट संपत नाही, आणि मूल कंटाळून ०.३३ वर लेखणी उचलते. मग त्याच ०.३३ ला तिनांनी गुणल्यावर ०.९९ येतात, आणि एक कोठे हरवला याचा शोध सुरू होतो. म्हणून ज्या संख्येला व्यवहारी अपूर्णांकाचे किंवा करणीचे नेमके रूप आहे, तिला त्याच रूपात शेवटच्या ओळीपर्यंत नेणे हा पहिला उपाय होय.

दहावीच्या भूमितीतील एक ओळखीचे उदाहरण घेऊ. मनोऱ्याच्या पायथ्यापासून ९० मीटर अंतरावरून त्याच्या शेंड्याकडे पाहिले असता ३० अंशांचा उन्नत कोन होतो, तर मनोऱ्याची उंची किती? उंची ९० भागिले √३ इतकी येते. एखादा विद्यार्थी प्रथम १ भागिले √३ ही किंमत काढून ती एका दशांश स्थळापर्यंत ०.६ धरतो व ५४ मीटर उत्तर काढतो, दुसरा ०.५८ धरून ५२.२ पर्यंत येतो, तिसरा ०.५७७ धरून ५१.९३ लिहितो. चौथा मात्र छेदाचे परिमेयीकरण करून ९० भागिले √३ म्हणजेच ३०√३ असे लिहितो, आणि अगदी अखेरीस √३ च्या जागी १.७३ ठेवून ५१.९ हे उत्तर देतो. खरी किंमत ५१.९६ च्या किंचित वर आहे. चौघांची रीत बरोबर आणि चौघांची त्रिकोणमितीही बरोबर. पहिला मात्र दोन मीटरांनी चुकला, कारण त्याने घाई केली. परिमेयीकरण ही निव्वळ टापटिपीसाठी करावयाची शोभेची क्रिया आहे, अशी अनेकांची समजूत असते. तिचा एक रोकडा फायदा असा की अपरिमेय संख्या छेदातून निघून अंशात येते आणि तिचा स्थूल आकडा वापरण्याची वेळ शेवटच्या ओळीपर्यंत पुढे ढकलली जाते.

वजाबाकी आली म्हणजे ही घाई फार महागात पडते. दोन ठिकाणांहून पाहिलेल्या उन्नत कोनांच्या उदाहरणांत १०० भागिले (√३ − १) असे पद वारंवार येते. त्याची खरी किंमत १३६.६० आहे. √३ म्हणजे १.७ असे प्रारंभीच धरले तर छेद ०.७ होतो व उत्तर १४२.८६ येते. आता परिमेयीकरणाने त्याच पदाचे ५०(√३ + १) हे रूप करून तेथे तोच ओबडधोबड १.७ ठेवला, तर उत्तर १३५ येते, म्हणजे चूक सहा मीटरांहून अधिक होती ती दीड मीटरावर येते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १.७ धरल्याने जी सुमारे ०.०३२ ची तूट आली, ती मुळातल्या १.७३२ च्या मानाने शेकडा दोनहूनही कमी होती; परंतु त्यातून १ वजा केल्यावर संख्येचा मोठा भाग निघून गेला, तूट मात्र जशीच्या तशी राहिली, आणि उरलेल्या ०.७३२ च्या मानाने ती शेकडा चाराच्या वर गेली. जवळजवळच्या दोन संख्यांची वजाबाकी पुढे करावयाची आहे असे दिसताच हातचे दशांश अंक प्राणपणाने जपावेत, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला हात जोडून सांगेन.

चक्रवाढ व्याज हा असाच दुसरा धोक्याचा मामला. १०,००० रुपये दरसाल शेकडा ८ या दराने, व्याज दरमहा मुद्दलात मिळवून, दहा वर्षांसाठी ठेवले, तर महिन्याचा दर ०.०८ भागिले १२ इतका होतो आणि १२० महिन्यांनी रास सुमारे २२,१९६ रुपये होते. विद्यार्थ्याने मासिक दर ०.००६७ असा धरला तर रास २२,२८५ रुपयांच्या जवळ जाते, ०.००७ असा धरला तर ती २३,०९६ होते. तिसऱ्या दशांश स्थळावरचा तो बारीकसा फेरफार, जो कागदावर डोळ्यांना दिसतही नाही, एकशेवीस वेळा स्वतःला गुणून घेऊन नऊशे रुपयांचा झाला. येथे दराचे नेमके रूप, म्हणजे १ भागिले १५०, तसेच ठेवावे. आणि गणकयंत्र जवळ असेल तर मधली संख्या कागदावर उतरवून पुन्हा टंकण्यापेक्षा यंत्राच्या स्मृतीतच राहू द्यावी. यंत्र नसेल आणि मधली संख्या लिहून घेणे भागच असेल, तर अंतिम उत्तरात जितके सार्थ अंक (म्हणजे आरंभीची शून्ये सोडून मोजलेले अंक) हवेत त्यांहून निदान दोन अधिक अंक राखीव म्हणून ठेवावेत. त्या राखीव अंकांना उत्तरात स्थान नसते, परंतु वाटेतील झीज ते आपल्या अंगावर घेतात.

ही झीज केवढी होऊ शकते याचे एक विलक्षण उदाहरण कॅनडातील व्हँकूव्हरच्या शेअर बाजारात घडले. तेथे जानेवारी १९८२ मध्ये १००० या आकड्यापासून एक नवा निर्देशांक सुरू करण्यात आला. शेअरांच्या भावांत होणाऱ्या प्रत्येक बदलाबरोबर संगणक तो नव्याने काढी आणि तीन दशांश स्थळांच्या पुढचे अंक सरळ छाटून टाकी. जवळच्या अंकापर्यंत नेणे नव्हे, नुसते छाटणे. छाटण्यात संख्या नेहमी घटतेच, वाढत कधी नाही. एका वेळी सरासरीने अर्ध्या सहस्रांशाची तूट, ही कोणाच्या खिजगणतीत असणार? परंतु दिवसातून सुमारे २८०० वेळा ती होत राहिली, म्हणजे रोज जवळजवळ १.४ अंश निर्देशांकातून गळू लागले. बाजार तेजीत असतानाही निर्देशांक घसरतच राहिला, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४ च्या आसपास आला तेव्हा हिशेब मुळापासून तपासण्यात आला. दुरुस्त केलेला आकडा १०९८ च्या वर निघाला. आपल्या गृहस्थाच्या हिशेबात दुकानदाराचे जे चार नवे पैसे गेले, त्यांचाच हा थोरला अवतार होता.

वाटेत काही सोडू नये हे ठरले. पण शेवटी किती सोडावे? याचे उत्तर उदाहरणातील सामग्रीच देते. एका खोलीची लांबी १२.३ मीटर आणि रुंदी ४.७ मीटर मोजली, गुणाकार ५७.८१ चौरस मीटर. परंतु १२.३ याचा अर्थ लांबी १२.२५ आणि १२.३५ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे, आणि रुंदीही तशीच ४.६५ व ४.७५ यांच्या दरम्यान आहे. लहानांत लहान मापे धरली तर क्षेत्रफळ ५६.९६ येते आणि मोठ्यांत मोठी धरली तर ५८.६६. ज्या क्षेत्रफळाच्या एकक स्थानच्या अंकाविषयीच खात्री देता येत नाही, त्याचे शतांश लिहिणे म्हणजे आपल्या टेपाने न मोजलेली गोष्ट मोजल्याचा दाखला देणे होय. म्हणून येथे ५८ चौरस मीटर लिहावे. रुंदीत दोनच सार्थ अंक होते, उत्तरातही दोनच असावेत. मोजमापांच्या गुणाकार-भागाकारात सर्वांत स्थूल मापाहून उत्तर सूक्ष्म असू शकत नाही, हा नियम विज्ञानाच्या वर्गात शिकवला जातो. गणिताच्या वर्गालाही त्याची ओळख व्हावी.

उलट प्रकारची एक अडचण हिमालयातील सर्वोच्च शिखराच्या आख्यायिकेत सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भारतीय सर्वेक्षण खात्याने त्या शिखराची उंची २९,००२ फूट जाहीर केली. गणिताने उंची बरोबर २९,००० आली होती, पण लोक तो आकडा अदमासाने धरलेला समजतील म्हणून वर दोन फूट चढवले, असे बोलले जाते. ती आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात एक खरी गोष्ट आहे: आकड्याच्या शेवटी आलेली शून्ये मोजून आलेली आहेत की सोडून दिलेल्या अंकांच्या जागी बसवलेली आहेत, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. ते शब्दांनी सांगावे लागते.

सांगण्याची ही प्रामाणिक परंपरा आपल्याकडे पुरातन आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, यातून ३.१४१६ हे गुणोत्तर येते. हा परीघ आसन्न आहे, म्हणजे जवळचा आहे, हे त्याने तेथल्या तेथेच सांगून टाकले. व्यास एवढा मोठा घेतल्यामुळे दशांश चिन्हाची गरज न पडता चार स्थळांची सूक्ष्मता पूर्णांकांतच साधली, हे कौशल्य मला फार मनोहर वाटते. पुढे ११५० साली ‘लीलावती’ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी, ज्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, दोन गुणोत्तरे शेजारीशेजारी ठेवली: ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म, आणि २२ भागिले ७ हे स्थूल पण व्यवहारयोग्य. गरजेप्रमाणे कोणते घ्यावे हे त्यांनी वाचकावर सोपवले. आजचा विद्यार्थी २२/७ घेऊन ७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १५४ चौरस सेंटिमीटर काढतो तेव्हा प्रश्नकर्त्यानेच आरंभी स्थूल मान नेमून दिलेले असते. तेथे उत्तरात चार दशांश स्थळे दाखवण्यात काही अर्थ नाही, कारण खरे क्षेत्रफळ १५३.९४ आहे.

काही ठिकाणी अर्थच पूर्णांक मागतो आणि जवळच्या अंकाचा नियम तेथे चालत नाही. १३० मुलांना ४० आसनांच्या बसगाड्यांतून न्यावयाचे तर भागाकार सव्वातीन येतो, आणि गाड्या चार लागतात. १३० रुपयांत ४० रुपयांच्या वह्या घ्यावयाच्या तर त्याच सव्वातिनाच्या तीनच वह्या मिळतात. बाजारात भाव विचारताना किंवा मोठा गुणाकार ताडून पाहताना आधीच स्थूल आकडे धरणेही योग्यच असते: ३९८ गुणिले २१ म्हणजे आठ हजारांच्या आगेमागे, एवढे मनाशी धरले की ८३,५८० असे उत्तर आल्यास हात आपोआप थांबतो. मात्र तो अदमास हा पडताळा आहे, त्याला उत्तराच्या गादीवर बसवू नये.

शेवटच्या पायरीवरही एक सावधगिरी उरते: अंक एकदाच सोडावेत, टप्प्याटप्प्याने सोडू नयेत. ३.४४६ ही संख्या एका दशांश स्थळापर्यंत आणावयाची असता कोणी प्रथम ३.४५ केली व मग तिचे ३.५ केले तर ते चूक होय; मूळ संख्या साडेतिनापेक्षा ३.४ ला अधिक जवळ आहे. भारतीय मानक संस्थेने पहिले मानक राष्ट्रध्वजाला दिले आणि दुसरा क्रमांक संख्या पूर्णांकित करण्याच्या नियमांना दिला, यावरून या विषयाचे महत्त्व ध्यानात यावे. त्या मानकाच्या १९६० च्या आवृत्तीत ही क्रिया उपलब्ध असलेल्या सर्वांत सूक्ष्म संख्येवरून एकाच पायरीत करावी असे सांगितले आहे. आणि सोडावयाचा भाग नेमका निम्मा असेल तर मागचा अंक सम होईल अशा बाजूला जावे असेही सांगितले आहे. शाळेत आपण निम्म्याला नेहमी वर चढवतो. एकट्यादुकट्या उत्तराला ते ठीक आहे, परंतु २.५, ३.५, ४.५ आणि ५.५ यांची खरी बेरीज १६ असता शाळेच्या रीतीने ती ३, ४, ५, ६ मिळून १८ होते, आणि सम अंकाच्या रीतीने २, ४, ४, ६ मिळून १६ च राहते. शेकडो नोंदींची तेरीज करणाऱ्याला हा भेद उपेक्षून चालत नाही. अंक शेवटी एकदाच सोडावेत या तत्त्वाला धरून आयकराच्या १९६१ च्या कायद्यानेही उत्पन्न दहाच्या जवळच्या पटीत आणण्याचे कलम, २८८अ, एकूण उत्पन्नापुरतेच ठेवले. पगार, घरभाडे, व्याज या प्रत्येक बाबीची वेगवेगळी काटछाट त्यात सांगितलेली नव्हती.

परीक्षेत ‘√३ = १.७३ घ्या’ अशी सूचना कंसात असते. ती सूचना वाचताच कित्येक मुले पहिल्याच ओळीत १.७३ लिहितात. मनोऱ्याच्या उदाहरणात आधी ‘उंची = ३०√३ मीटर’ ही ओळ पूर्ण लिहावी, तिच्याखाली ‘= ३० × १.७३’ लिहावे, आणि त्याखाली ‘= ५१.९ मीटर’. गुणाकारात कोठे चूक झालीच, तर तपासणाऱ्याला वरची ओळ निर्दोष दिसते.